पावसाची झड आणि उघडीप

आषाढांत आठ-आठ दिवस झड लागते, मग दहा-पंधरा दिवस लख्ख ऊन पडतें, आणि पुनः एके दिवशीं पश्चिमेकडून ढग दाटून येतात, हा सातारा-सांगलीकडील घरोघरचा अनुभव आहे. उघडीप लांबली म्हणजे दुबार पेरणीचें संकट उभें राहतें. पाऊस असा टप्प्याटप्प्यानें कां पडतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

महाबळेश्वरीं वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो; सांगलीस तो २५ इंचांच्या आसपासच. समुद्रावरील ओलसर वारा सह्याद्रीस अडून वर चढतो, थंड होतो व आपलें बहुतेक पाणी तेथेंच टाकतो. परंतु सह्याद्रि तर बारा महिने जागच्या जागीं आहे! पाऊस कोठें पडेल हें त्यावरून कळतें. केव्हां पडेल हें कळत नाहीं.

त्यासाठीं विषुववृत्ताकडे पाहिलें पाहिजे. तेथील तापलेल्या समुद्रावरून वाफेनें भरलेली हवा वर चढते. वर वाफेचें पाणी होतें, आणि चुलीवर पाण्याची वाफ करण्यास जी उष्णता खर्ची पडते ती येथें हवेस परत मिळते. ऊब मिळालेली हवा आणखी वर जाते, खालचा दाब उतरतो, आजूबाजूची हवा तिकडे ओढली जाते. तळ्यांत दगड टाकल्यावर पाणी हलावें तशा या उलाढालीनें वातावरणांत हजारों मैल लांबीच्या लाटा उठतात. त्यांचें गणित जपानचे मात्सुनो यांनीं १९६६ सालीं मांडलें.

पुढें १९७१ सालीं मॅडन व ज्युलियन या अमेरिकन शास्त्रज्ञांस पॅसिफिक महासागरांतील कँटन बेटावरच्या नोंदी तपासतांना आढळलें कीं, तेथील वारा ४० ते ५० दिवसांनीं आपली चाल पालटतो. ढगांचा एक अफाट समूह हिंदी महासागरावरून पूर्वेस सरकत असतो, तोही सायकलस्वाराच्या गतीनें. त्याच्या मागेंपुढें हवा खालीं उतरते व आकाश निवळतें.

आपणांस अधिक जवळचा शोध १९८० चा. सिक्का आणि पुण्यास जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनीं उपग्रहांच्या चित्रांवरून दाखविलें कीं, पावसाळ्यांत विषुववृत्ताजवळ उपजलेले ढगांचे पट्टे उत्तरेस सरकत भारतावर येतात. त्यांची गति दिवसास सुमारें एक अक्षांश असते. सांगली सतराव्या अंशाजवळ आहे. विद्यार्थ्यांनीं त्रैराशिक मांडून पाहावें. मात्र प्रत्येक पट्टा येथवर पोंचतोच असें नाहीं. जुलै २००२ मध्यें सबंध देशांत सुमारें निम्माच पाऊस झाला. मृग, आर्द्रा हीं नक्षत्रें सूर्याच्या गतीनें ठरतात, म्हणून तीं नेमानें लागतात. ही लाट पंचांग पाळीत नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील कोयना धरणांत १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि कोयना कराडास कृष्णेस मिळते. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी, तेथें पाणी ५७ फुटांवर गेलें. तें बव्हंशीं घाटमाथ्यावर पडलेलें होतें. ढगांच्या पट्ट्याची चाहूल दोन आठवडे आधीं लागल्यास धरणांत जागा करून ठेवतां येईल. पण जागा केली आणि पट्टा वाटेंतच विरला, तर उन्हाळ्यांत शेतीस व विजेस पाणी अपुरें पडावयाचें. इतक्या आधींचें अनुमान शेंकडा साठ, शेंकडा सत्तर अशा शक्यतेनेंच सांगतां येतें. दरवाजे किती फूट उचलावे याचा हुकूम मात्र धरणावरील अधिकाऱ्यांस त्याच दिवशीं द्यावा लागतो.