पाँटून नौकेची खरेदीपूर्व चाचणी

महाराष्ट्रात धरणांमुळे मोठमोठे जलाशय निर्माण झाले आहेत. भीमेवरील उजनी, पैठणचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर यांसारख्या जलाशयांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यास व मच्छीमारास नाव ही बैलगाडीइतकीच गरजेची वस्तू होऊन बसली आहे. पिंजऱ्यातील मत्स्यसंवर्धनासाठी खाद्याची पोती वाहणे, मत्स्यबोटुकली नेणे, तयार मासळी काठावर आणणे, पैलतीरावरील शेताकडे माणसे व अवजारे पोचविणे अशी अनेक कामे नावेवर अवलंबून असतात. या कामांसाठी अलीकडे सपाट डेकच्या पाँटून नौकेकडे लोकांचा कल दिसून येतो.

नाव विकत घेणे ही केवळ पैशाची बाब नव्हे. दिनांक 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी या गावांच्या दरम्यान प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. नाव कोणत्याही घडणीची असो, वारा, लाटा आणि भार यांपुढे तिचे बळ किती, हे प्रवासी बसण्यापूर्वीच कळले पाहिजे. त्यासाठी खरेदीपूर्वी पद्धतशीर चाचणी घेणे अत्यंत आवश्यक आहे.

नौकेची घडण

पाँटून नौकेस नेहमीच्या होडीसारखा पोकळ तळ नसतो. दोन किंवा तीन बंद नळकांडी एकमेकांस समांतर ठेवून त्यांवर सपाट डेक बसविलेला असतो. नळकांडी बहुधा ॲल्युमिनियमची असतात. चांगल्या नौकेत प्रत्येक नळकांड्याच्या आत आडवे पडदे घालून स्वतंत्र कप्पे केलेले असतात. त्यामुळे एका कप्प्यास भोक पडले तरी बाकीचे कप्पे नौकेस तरंगत ठेवतात. असे कप्पे आहेत किंवा नाहीत, हा विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न होय. लोखंडी पिंपे बांधून तयार केलेल्या तराफ्यास पुष्कळदा पाँटून नौका म्हटले जाते. परंतु पिंपे आतून गंजतात व ते बाहेरून दिसत नाही, हे ध्यानी ठेवावे.

भाराचा हिशेब

पाण्यात बुडालेला नळकांड्याचा भाग जितके लिटर पाणी बाजूस सारतो, साधारण तितके किलो वजन तो उचलतो. उदाहरणार्थ, 60 सेंटिमीटर व्यासाच्या व 6 मीटर लांबीच्या नळकांड्याचे आकारमान सुमारे 1,695 लिटर भरते. अशा दोन नळकांड्यांचे मिळून सुमारे 3,390 लिटर होतात. तथापि एवढा भार घातल्यास नळकांडी पूर्ण बुडतील व लाटेसाठी काहीच शिल्लक उरणार नाही. म्हणून नळकांडी निम्मीच बुडतील इतका, म्हणजे सुमारे 1,690 किलो, एकूण भार धरणे सुरक्षित होय. यातून डेक, कठडा, एंजिन व इंधन यांसह नौकेचे स्वतःचे वजन 900 किलो असल्यास ते वजा करावे. उरलेल्या 790 किलोत, माणशी 75 किलो धरल्यास, नावाड्यासह दहा माणसे बसतात. खाद्याची पोती घेतल्यास माणसे त्या प्रमाणात कमी करावी लागतील. निर्मात्याच्या पट्टीवर याहून कमी भार लिहिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

काठावरील तपासणी

नौका पाण्यात सोडण्यापूर्वी ती ओंडक्यांवर किंवा गाड्यावर चढवून दिवसाउजेडी पाहावी. नळकांड्यांवर पोचे, चिरा व जोडकामाची तडकलेली शिवण आहे काय, हे हात फिरवून तपासावे. नवीन रंगाखाली जुनी डागडुजी लपविलेली असू शकते. म्हणून रंग ताजा दिसेल तेथे अधिक बारकाईने पाहावे. नळकांड्यांची मागील बुचे काढून आतून पाणी येते काय, हे पाहावे. डेकच्या प्रत्येक फळीवर पाय दाबून चालावे; पायाखाली मऊ लागणारी फळी कुजलेली असते. कठडा जोराने हलवून पाहावा. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावलेले असतील तेथे पांढरट भुकटी किंवा खड्डे पडले आहेत काय, हे पाहावे, कारण दोन भिन्न धातू पाण्यात एकत्र आल्यास झीज लवकर होते.

एंजिनास हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी. विक्रेत्याने आधीच चालवून गरम केलेले एंजिन एका खेचीत सुरू होते. त्यावरून त्याची खरी स्थिती कळत नाही. गियरमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. पंख्याची पाती वाकलेली किंवा तुटलेली नसावीत.

पाण्यातील चाचणी

चाचणी माणसे बसवून न घेता वाळूची पोती ठेवून घ्यावी. वरील उदाहरणात 25 किलोची 24 पोती व दोन माणसे मिळून भार पुरा होतो. चाचणीच्या वेळी नौकेवरील दोघांनीही जीवरक्षक जाकिटे घातलेली असावीत व काठावर दुसरी नाव तयार ठेवावी.

1. भार समान ठेवून नौका स्थिर असताना प्रत्येक नळकांड्यावर पुढे व मागे पाण्याची रेघ खडूने आखावी. चारही ठिकाणी बुडीत सारखे नसल्यास एंजिन, टाकी अथवा कप्प्यातील पाणी यांचा दोष शोधावा.

2. काठाजवळ उथळ पाण्यात थोडी थोडी पोती एका बाजूस सरकवावीत. पाँटून नौका प्रथम फारशी कलत नाही व त्यामुळे बसणाऱ्यास खोटा धीर येतो. नळकांडे अधिक बुडेल तसा त्याचा आधार वाढतो. परंतु ते पूर्ण बुडाले की आधार वाढणे थांबते आणि त्यापुढे नौका एकाएकी उलटू शकते. म्हणून नळकांड्याचा माथा पाण्याजवळ येताच चाचणी थांबवावी व किती पोती सरकविली होती, ते लिहून ठेवावे. मासा ओढताना किंवा काठ येताच सर्व माणसे एका बाजूस धावतात, तेव्हा हेच घडते.

3. याच रीतीने भार पुढच्या टोकाकडे नेऊन पाहावा. पुढचा भाग फार दबल्यास लाट डेकवर चढते.

4. एंजिन सुरू करून पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाच्या बाजूने पाण्याची धार सतत पडते काय, हे पाहावे. धार बंद असल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. नावाड्याच्या मनगटास बांधावयाची सुरक्षा-दोरी ओढताच एंजिन थांबले पाहिजे.

5. प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे एंजिन बंद पडल्यास वारा नौकेस निघाल्या काठाकडे परत आणील. पाँटून नौकेचा डेक व छत यांवर वारा पुष्कळ धरला जातो; ठरावीक अंतर वाऱ्याविरुद्ध व वाऱ्यासोबत कापण्यास किती वेळ लागतो, तो घड्याळावर मोजावा. पूर्ण भारासह वाऱ्याविरुद्ध नौका जेमतेम सरकत असेल तर एंजिन अपुरे आहे.

6. दोन्ही दिशांनी वळण घ्यावे. वळताना पंखा हवेत फिरून एंजिन उगाच ओरडत असल्यास ते फार उंच बसविले आहे असे समजावे. उलट गती देऊन नौका किती अंतरात थांबते, हेही पाहावे.

सकाळी जलाशय आरशासारखा शांत असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वारा सुटतो. म्हणून एक फेरी मध्यम वाऱ्यात अवश्य करावी. आकाशात वादळाची चिन्हे असताना मात्र चाचणी घेऊ नये.

रात्रभराची परीक्षा

घाईत बहुधा वगळली जाणारी ही परीक्षा सर्वांत मोलाची आहे. पोती तशीच ठेवून नौका रात्रभर बांधून ठेवावी व सकाळी खडूच्या रेघा पुन्हा पाहाव्यात. वरील मापाच्या नौकेत बुडीत एक सेंटिमीटरने वाढणे म्हणजे सुमारे 72 लिटर पाणी आत शिरणे होय. म्हणजे जवळजवळ एक न दिसणारा प्रवासी अधिक बसला. रात्रीतून रेघ दोन सेंटिमीटर खाली गेल्यास दोन माणसांची जागा गेली असे समजावे आणि गळती दुरुस्त होईपर्यंत सौदा पुढे नेऊ नये. त्यानंतर बुचे काढून कोणत्या कप्प्यात पाणी आले, ते पाहावे.

कागदपत्रे व साहित्य

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 अन्वये यांत्रिक नौकेस नोंदणी व तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माणसागणिक एक जीवरक्षक जाकीट, दोर बांधलेली जीवरक्षक कडी, नांगर, वल्ही व अग्निशामक हे साहित्य किमतीतच धरावे. उरलेल्या पैशांतून पुढे घेऊ, असे म्हणून ते टाळू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभेत ही माहिती वाचून दाखवावी व खरेदीच्या दिवशी शक्यतो स्वतः उपस्थित राहावे. विक्रेता वाळूच्या पोत्यांस किंवा रात्रभर थांबण्यास नकार देत असेल, तर दुसरी नौका पाहावी. चाचणीत ठरलेली माणसांची संख्या ठळक अक्षरांत डेकवर रंगवून ठेवावी आणि लग्नसराईत वा बाजाराच्या दिवशी कितीही आग्रह झाला तरी ती ओलांडू नये.