धाकटीला: आधी कामशेतला वळ

अगं, परवा फोनवर तू किती आनंदात होतीस! लायसन्स हातात आलं, वर्षभरात स्लोव्हेनियाला जायचं, तिथे गाडी भाड्याने घेऊन देश पालथा घालायचा. जा, जरूर जा. देश छोटासा आहे, आपल्या पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीहून जरा मोठा. तिथला व्हर्शिच घाट 1611 मीटर उंचीवर जातो आणि त्याला पन्नास अवघड वळणं आहेत. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, तो वर्षभर चालतो. तिथे गाडी उजव्या बाजूने चालवतात, हे पहिल्या दिवशी स्वतःला दर चौकात बजावत राहा.

पण ताई म्हणून मनातलं सांगू? त्याआधी आईबाबांना गाडीत बसव आणि एक अख्खा दिवस आपलं मावळ फीर. लोणावळा नव्हे गं, मावळ.

मी पहिल्यांदा गाडी काढली ती जुलैतल्या रविवारी. भुशी धरणाच्या रांगेत तीन तास अडकले. क्लच दाबून पाय भरून आला, आईला बाथरूमला जायचं होतं आणि सोय कुठेच नव्हती. घरी येताना आम्ही तिघं गप्प होतो. पुढच्या वेळी बुधवार निवडला, जुन्या हायवेने गेले आणि कामशेतला पवनानगरच्या रस्त्याला वळले. त्या एका वळणाने माझं फिरणंच बदललं. म्हणून सांगते, एक्स्प्रेसवेने जाऊ नकोस. तो पोचण्यासाठी आहे, तिथे थांबता येत नाही. पेट्रोल, चहा, बाथरूम सगळं कामशेतलाच उरकून घे, संकोच करू नकोस.

त्या रस्त्यावर आधी बेडसे लेणी लागतात. सकाळी लवकर पोच, कारण लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि कोवळं ऊन थेट आत येतं. पायऱ्या 400 च्या आसपास आहेत, बाबांना बसत बसत ने. वर उंच खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या जोडप्यांतल्या बायकांच्या पायांतले दागिने नीट बघ. कार्ल्याचं चैत्यगृह याहून भव्य आहे, पण तिथे एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, ते वेगळ्या दिवशी कर. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत काही स्वतःला ‘यवन’ (ग्रीक) म्हणवतात. म्हणजे आपण युरोपला जायचं म्हणतोय, आणि ते लोक केव्हाच आपल्या डोंगरात येऊन खांब देऊन गेलेत!

पुढे पवना धरणाचं पाणी लागतं आणि त्याभोवती तिकोना, तुंग, लोहगड उभे दिसतात. लोहगड 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आईबाबांना गड चढवू नकोस. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, तिथून वळत वर जाणारी दरवाज्यांची वाट बघितली तरी त्यांचं मन भरेल. एका दिवसात हा पवन मावळच कर. नाणे मावळ आणि आंदर मावळ पुढच्या खेपेला ठेव.

आता चालवण्याचं. ज्या गिअरमध्ये चढ चढशील त्याच गिअरमध्ये उतर, न्यूट्रल कधीच नको. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. धुक्यात हेडलाइट खालचा ठेव. फोटोसाठी वळणावर थांबू नकोस. आणि पाण्याचा मोह आवर. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर गाडी मागे घे. मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे.

अजून एक, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा मी खाचराच्या बांधाला लागून गाडी लावली आणि आम्ही डबा खात बसलो. मागे पॉवर टिलर अडकला होता, मला पत्ताच नव्हता. गुडघाभर चिखलातून एक मावशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमची सहल हाय, आमची आवणी हाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ज्याला हिरवंगार दृश्य म्हणतो ते कुणाचं तरी वर्षाचं पोट असतं. घरातला इंद्रायणी तांदूळसुद्धा याच मातीतला. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तो 1987 साली दिला. येताना गावातूनच दोन-चार किलो घे, घासाघीस करू नकोस. गाडी लावण्याआधी विचार, “इथे लावली तर चालेल ना?” एवढं विचारलंस की माणसं स्वतः जागा दाखवतात.

स्लोव्हेनियातही तुला हेच लागेल बघ. घाटात संयम, पाण्याची भीती आणि परक्या गावात पाहुण्यासारखं वागणं. ते शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही. येत्या बुधवारी सुट्टी टाक, सकाळी सहाला आईबाबांना घेऊन नीघ आणि कामशेतला वळ. घरी पोचलीस की फोन कर, मी जागी असेन.