बाळ माझ्याकडे येतच नाही!

प्रश्न : आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. मी सकाळी सातच्या लोकलने पनवेलहून सीएसएमटीला जातो, घरी परतायला रात्रीचे साडेआठ होतात. हल्ली मी उचललं की ती रडते, आईकडे झेपावते. काय करू?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : हे रडणं म्हणजे नावड नव्हे. साधारण आठव्या महिन्यापासून मुलं सगळ्यात सवयीच्या माणसाला चिकटतात. वाढीचा हा टप्पाच आहे. घरी आल्या आल्या तिला ओढून घेऊ नका. हातपाय धुवा, ती आईच्या कडेवर असतानाच गप्पा मारा आणि तिने हात पुढे केले की घ्या.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सरसकट कायदेशीर तरतूद नाही. त्यामुळे हाताशी असलेला वेळच नीट वापरायचा. लंगोट बदलणं किंवा रात्री झोपवणं, यातलं एक काम रोज पूर्णपणे तुम्हीच करा. ती 'बा-बा' म्हणाली की तुम्हीही म्हणा, मग थांबा, तिची पाळी येऊ द्या. या देवाणघेवाणीतूनच भाषा आणि विश्वास घडतो. तेवढा वेळ मोबाइल दूर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशींनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये.

रविवारी वडाळे तलावावर दोघंच फिरून या; आईलाही विसावा मिळेल. मात्र हाक मारल्यावर ती सहसा वळून बघत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.