वळणाला दोष देऊ नकोस



ताईचा फोन आला होता. तिला सापेक्षता कळत नाही, पण पोराचं काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. सेमिनारमध्ये तू सरांशी हुज्जत घातलीस, जुळ्यांच्या विरोधाभासाचं त्वरणाचं उत्तर थोतांड आहे म्हणालास, आणि आता सिद्धांतच खोटा ठरवून एमएस्सी सोडायच्या गोष्टी करतोयस, असं तिचं म्हणणं. आपल्या घराची खोड तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांपासून एक ओळ पटली नाही की अख्खं पुस्तक माळ्यावर जातं. मला धास्ती आहे ती याची. सरांचं काय, ते विसरतील.

आधी हे ऐक की तुझी शंका रास्त आहे. नेहमीचं उत्तर असं असतं: जुळ्यांपैकी एक बहीण पृथ्वीवर राहते, दुसरी यानातून ताऱ्यापर्यंत जाऊन परत येते, वळताना तिला त्वरण जाणवतं, म्हणून तिचं वय कमी भरतं. यातलं 'म्हणून' कच्चं आहे. तारा ४ प्रकाशवर्षं दूर आणि यानाचा वेग प्रकाशाच्या ०.८ पट धर. पृथ्वीवर १० वर्षं जातात, यानात ६. फरक ४ वर्षांचा. आता तारा ८ प्रकाशवर्षांवर ने. इंजिन तेच, वळण तेच, पाठीवर येणारा दाब तेवढाच आणि तेवढाच वेळ. पृथ्वीवर २० वर्षं, यानात १२. फरक ८ वर्षांचा. त्वरणात तसूभर फरक नाही आणि परिणाम मात्र दुप्पट, तर वयातला फरक त्या त्वरणानं घडवला असं म्हणता येत नाही. इथवर मी तुझ्याच बाजूला आहे.

प्रयोगही हेच सांगतो. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये १४ मीटर व्यासाच्या कड्यात म्युऑन हे अल्पायुषी कण फिरवले होते; त्यांच्या आयुर्मानाची मोजणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. कड्यातले ६४ च्या आसपास जगले, म्हणजे सुमारे २९ पट. त्यांच्यावरचं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या एकावर अठरा शून्यं इतके पट होतं. तू लगेच म्हणशील, मग आयुष्य त्या त्वरणानंच वाढलं नसेल कशावरून? कारण ते २९ नुसत्या वेगाच्या सूत्रातून निघतात, त्यात त्वरणाचं पदच नाही, आणि मोजणी त्या आकड्याशी हजारात एक-दोन भागांपर्यंत जुळली. एवढ्या राक्षसी त्वरणाचा स्वतःचा काही वाटा असता तर तो लपून राहिला नसता. घड्याळाचा मंदपणा त्या-त्या क्षणीच्या वेगावर ठरतो, त्वरणावर नाही.

पण इथून 'त्वरण निरर्थक, म्हणजे सिद्धांत खोटा' अशी उडी मारलीस, तिथे माझा तुझ्यावर राग आहे. पुण्याहून मुंबईला एक गाडी थेट गेली आणि दुसरी नाशिकवरून, तर दुसरीचे जास्तीचे किलोमीटर नाशिकच्या वळणावर साठलेले नसतात. ते सगळ्या रस्त्याभर पसरलेले असतात. वळण एवढंच सांगतं की हा रस्ता सरळ नव्हता. अवकाश-कालातही तसंच, फक्त हिशेब उलटा: तिथे सरळ वाटेवर सर्वांत जास्त वेळ जातो, वाकड्या वाटेवर कमी. त्वरण म्हणजे वाट वाकडी कोणाची झाली याची खूण. ती खूण खरी आहे, डोळे मिटून यानात बसलेल्या बहिणीलाही ती कळते. म्हणून 'गती सापेक्ष आहे, तर दोघी सारख्याच' हा आक्षेप टिकत नाही.

हे संदेशांच्या हिशेबात पडताळून बघ. दोघी दर वाढदिवसाला एकमेकींना रेडिओ संदेश पाठवतात. पहिल्या उदाहरणातल्या वेगाला, दूर जाताना तीन वर्षांतून एक संदेश पोचतो. जवळ येताना वर्षाला तीन. यानातलीला जाताना ३ वर्षांत १ आणि येताना ३ वर्षांत ९, एकूण १० मिळतात. पृथ्वीवरचीला मात्र वळणाची बातमीच नवव्या वर्षाअखेर लागते, कारण यान पाचव्या वर्षी वळलं आणि तो संदेश यायला ४ वर्षं लागली. तोवर तिला ३ संदेश, उरलेल्या एका वर्षात ३, एकूण ६. एकीला बदल अर्ध्या वाटेवर दिसतो, दुसरीला शेवटाला. विसंगती कुठेच नाही, आणि व्यापक सापेक्षतेची गरजही पडली नाही. वळणच नको असेल तर ताऱ्याकडून पृथ्वीकडे त्याच वेगानं येणाऱ्या दुसऱ्या यानानं ताऱ्यापाशी पहिल्याच्या घड्याळाचा आकडा उचलून घ्यावा. कुठलंच घड्याळ वळत नाही, तरी बेरीज ३ अधिक ३ आणि पृथ्वीवर १०.

१९१८ मध्ये आइन्स्टाइननं स्वतः गुरुत्वक्षेत्राचा आधार घेऊन उत्तर दिलं होतं, हे तू पुढे करशीलच. दिलं होतं. यानातलीला वळतानाही स्थिरच मानायचं ठरवलं, तर तसा हिशेब करता येतो. पण त्यातही पृथ्वीचं घड्याळ किती पुढे जातं हे पृथ्वी किती दूर आहे यावर ठरतं. पहिल्या उदाहरणात ६.४ वर्षं. म्हणजे त्या वाटेनंही मुद्दा अंतराशीच येऊन ठेपतो.

आणि हर्बर्ट डिंगल आठव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा अध्यक्ष राहिलेला, सापेक्षतेवर स्वतः पुस्तक लिहिलेला माणूस. जुळ्यांच्या या कोड्यावरून १९५० च्या दशकात वाद घालू लागला, पुढे सिद्धांतच विसंगत आहे म्हणाला, आणि १९७२ च्या 'सायन्स ॲट द क्रॉसरोड्स'मध्ये वैज्ञानिकांच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवलं. बुद्धी कमी नव्हती रे. 'दोघी सारख्याच' या एका ओळीपाशी अडला आणि पुस्तक माळ्यावर टाकलं. ताईच्या फोननंतर मला तोच आठवत राहिला.

फार बोललो. खरं सांगायचं तर आमच्या वेळी असं उलटून विचारायची टापच नव्हती. त्वरणाच्या त्या वाक्याखाली रेघ मारायची आणि परीक्षेत लिहायचं. पंचविशीत तुझ्यासारखं भांडायला मिळालं असतं तर, असं अजूनही मनात येतं. ही धमक जपून ठेव. वेग ०.६ आणि अंतर ३ प्रकाशवर्षं घेऊन संदेशांचा हिशेब स्वतः मांड, १० आणि ८ येतात का बघ, आणि तो कागद घेऊन सरांकडे जा. भांडायला नको, दाखवायला. आईला रोज एक फोन कर, ती जेवत नाहीये. आणि पुढच्या सत्राची फी भरायची तारीख चुकवू नकोस; पैशांची अडचण असेल तर तिला न सांगता मला कळव.

तुझा मामा