तांबी कधी बसवली?

ओटीपोटात गाठ, महिनोन्‌महिने रेंगाळणारे दुखणे, उतरलेले वजन आणि रक्तात वाढलेले सीए-१२५, एवढे जुळले की डॉक्टर आणि घरचे दोघेही बीजकोषाच्या कर्करोगाकडे वळतात. वळणे चूक नाही. तिथेच थांबणे महागात पडते. अ‍ॅक्टिनोमायसीस नावाचा जिवाणू हेच चित्र उभे करू शकतो. एरवी तो तोंडात, आतड्यात निमूट असतो. तांबी मुदत उलटूनही गर्भपिशवीत राहिली, की त्याला आत शिरायला वाट मिळते. मग तो अवयवांच्या सीमा जुमानत नाही, म्हणून सीटी स्कॅनवर कर्करोगासारखा दिसतो. माझ्या मते तो बहुधा क्रम चुकल्यामुळे निसटतो: आधी अँटिबायोटिक, मग नमुना. कल्चरमध्ये तो उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात, आणि औषधाने अर्धमेला झाला असेल तर उगवतच नाही. ओटीपोटाच्या संसर्गावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल त्याला मारत नाही. सोबतच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, इतकेच. तापाने फणफणलेलीला मात्र नमुन्यापायी ताटकळत ठेवू नये, हे उघड आहे.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी प्रत्येकीला तपासण्यांच्या फेऱ्यात का ओढायचे, असे कोणी म्हणेल. ओढूच नये. तांबी कोणती, कधी बसवली, काढली का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षांची, ३७५ पाच वर्षांची. तांबीचे कार्ड हरवले की बाईच विसरून जाते. बायॉप्सीच्या कागदावर या जिवाणूचा आणि क्षयाचा संशय लिहिला, तर पॅथॉलॉजिस्ट मुद्दाम शोधतो. आपल्याकडे क्षय वगळून चालतच नाही. त्यातही सीए-१२५ वाढते. अख्खा तुकडा फॉर्मलीनमध्ये गेला की कल्चर संपले. थोडा भाग सलाइनमध्ये जाणार आहे ना, हे नातेवाइकांनी आधीच विचारावे. डॉक्टर रागावले तरी.

बायका तांबीला घाबरतील, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पण तांबी वापरणाऱ्या बहुतेकींना हा आजार कधीच होत नाही. पॅप स्मिअरमध्ये हा जिवाणू दिसला आणि त्रास काहीच नसला, तर औषधही नको, तांबी काढायलाही नको. गाठ असेल तर बायॉप्सी लांबवू नये, कारण ती कर्करोगाचीही असू शकते. जिवाणूच ठरला, तर पेनिसिलिन आधी शिरेतून आणि मग काही महिने गोळ्यांनी द्यावे लागते. त्यावर गाठ पुष्कळदा विरते आणि गर्भपिशवी, बीजकोष काढण्याची वेळ टळते.