प्रवरेचे पाणी आणि पाणलोटाचा सहकार

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा रंधा धबधब्यावरून कोसळते, तेव्हा पाहणारा भान हरपतो. पुढे संगमनेर, नेवासे ओलांडून ती प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. मात्र नदीचे रूप काठावर ठरत नाही. ते डोंगरउतारावर ठरते. ज्या प्रदेशातील पावसाचे पाणी एका ओढ्याला वा नदीला येऊन मिळते, तो तिचा पाणलोट होय. उतार उघडाबोडका झाला की पाणी माती घेऊन धावते. पावसाळ्यात नदी गढूळ होते; उन्हाळ्यात तिला पोसणारे झरे आटतात.

यावरील उपाय ‘माथा ते पायथा’ या क्रमाने करावा लागतो. प्रथम माथ्यावर गवत व झाडी राखायची, उतारावर समतल चर खोदायचे, शेतांना बांध घालायचे आणि शेवटी ओढ्यावर बंधारे बांधायचे. माथा सोडून केवळ पायथ्याशी बंधारा घातला, तर तो गाळाने भरतो. अडचण अशी की, चराई सोडावी लागते वरच्याला आणि विहिरीला पाणी वाढते खालच्याच्या. म्हणून हे काम एकट्याचे नव्हे.

सहकार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास याच खोऱ्यात, लोणी येथे, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु कारखान्यात लाभ वाटून घ्यायचा असतो. पाणलोटात संयम वाटून घ्यावा लागतो.

आमची विहीर दोन परस खोल केली, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या चुलत्यांची विहीर आटली. जमिनीला बांध असतो, तिच्या पोटातील पाण्याला नसतो, हे मला तेव्हा कळले.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार प्रवरेकाठी नाही, पाऊसही तेथे बेताचाच. तरीही सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने 1990 नंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान स्वीकारले. शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस लावण्यास मनाई केली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे पाणी आधी, पिके नंतर. पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

प्रवरेवर 1926 पासून भंडारदऱ्याचे धरण आहे. धरण पाणी साठविते, पण उतारावरची माती धरीत नाही. ती अकोल्याच्या डोंगरातील माणसे धरतील. मग खालच्या बागायतदारांनीही त्यांच्या श्रमात आपला वाटा उचलावयास नको काय?