आठ सीएल, बावन्न रविवार आणि सातपुडा

दर्यापुरात नोकरी करणाऱ्या माणसाला भटकंतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘सुट्टी कुठे आहे?’ तक्रार रास्त आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ८ नैमित्तिक रजा, म्हणजे सीएल. दुकानं आणि खासगी आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे, त्यातही नैमित्तिक रजा ८च. त्यातल्या दोन नात्यातल्या लग्नांत जातात, दोन आजारपणात, एखादी तहसीलच्या नाहीतर बँकेच्या कामात. शिवाय वऱ्हाडातला नोकरदार बहुतेक वेळा अर्धा शेतकरीही असतो. जुलैतला रविवार फवारणीत जातो आणि नोव्हेंबरातला कापूस वेचणीत.

तरीही माझं म्हणणं असं, की दर्यापूरकराएवढी सोय फार कमी लोकांना आहे. पाऊस उघडला की अंजनगावच्या रस्त्यावर उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागते. पुणे-मुंबईचा माणूस शनिवारी पहाटे गर्दीत अडकून ज्यासाठी जातो, ते आपल्याला तास-दीड तासावर आहे. फक्त रजा दिवसांत मोजायची सवय सोडायला हवी. मुक्कामी पोचल्यावर हातात उजेडाचे किती तास उरतात, ते मोजा. रायगड पाहायचा म्हणून मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी धरली, तर जाण्यायेण्यात दोन दिवस जातात आणि तीन दिवसांच्या सुट्टीत गडावर एक दिवस मिळतो. त्याच हिशेबाने शनिवारी संध्याकाळी निघून चिखलदऱ्याला झोपलात, तर एकही रजा न टाकता रविवारचा पूर्ण दिवस गाविलगडावर मिळतो. सह्याद्री जरूर करा, पण वर्षातून एकदा, जोडून रजा घेऊन. बाकीचं वर्ष सातपुड्याचं.

या सगळ्यात शनिवारची संध्याकाळ महत्त्वाची. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि बँकांना दुसरा व चौथा शनिवार सुट्टी असते. ज्यांना शनिवार मोकळा आहे, त्यांनी तो घरच्या आणि शेतीच्या कामांना द्यावा आणि दुपारी चारला निघावं. ज्यांना नाही, त्यांनी सकाळीच पाठपिशवी सोबत घेऊन कामावर जावं. घरी परत आलं की चहा होतो, पाहुणे येतात, निघणं रविवारी सकाळवर जातं आणि साडेदहाला निघालेला माणूस बारा वाजता डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि अर्धा दिवस गेलेला असतो.

आता प्रत्यक्ष ठिकाणं. सुरुवात सगळ्यात जवळच्यापासून, कारण नुसत्या रविवारच्या सकाळीही पुष्कळ होतं. तालुक्यातलंच लासूर घ्या. तिथलं आनंदेश्वराचं हेमाडपंती देऊळ काळ्या दगडाचं आहे आणि त्याचे कोरीव खांब बघण्यात तासभर सहज जातो. दुसरी सकाळ गाडगेबाबांची करता येईल. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. ते वाढले मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला, मामाकडे. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवून घेतला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते, तेव्हा गेलात तर ते काम कुणासाठी होतं ते डोळ्यांनी दिसतं. एक सूचना मात्र पाळा. हा सगळा खारपाणपट्टा आहे, काळी माती खोल आहे. पाऊस पडून गेला असेल तर पांदणीत गाडी घालू नका. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती बसली की गाडी ढकलताही येत नाही.

पूर्ण रविवारासाठी नरनाळा. दर्यापूरहून अकोट चाळीसेक किलोमीटर, तिथून उत्तरेला पायथ्याचं शहानूर. किल्ला अभयारण्यात आहे, त्यामुळे शहानूरच्या नाक्यावर वनविभागाकडे नोंद आणि शुल्क भरून आत जायचं, आणि ठरलेल्या वेळेत खाली उतरायचं. साप्ताहिक बंद आणि वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी अकोटच्या कुणाकडून खात्री करून घ्या. गाडीरस्ता वर जातो, पण परवानगी असेल तिथे पायी चढा. कारण नरनाळ्याचं खरं वैभव दरवाजांत आहे, आणि गाडीतून दरवाजे नुसते मागे जातात.

महाकाली दरवाजापाशी किमान अर्धा तास थांबा. १४८७ सालचा, फतहुल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळातला हा दरवाजा. एलिचपूरची, म्हणजे आपल्या अचलपूरची इमादशाही स्थापन करणारा तो हाच. डोंगरभर काळा कातळ असताना इथे फिकट रंगाचा वालुकाश्म वापरलेला आहे. दोन्ही बाजूंना सज्जे, कमानींत उमललेली कमळं, वर अरबी-फारसी अक्षरांची पट्टी. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडलं की अक्षरांचा उठाव स्पष्ट होतो. भर दुपारी तीच पट्टी सपाट दिसते, म्हणून लवकर पोचा. पुढे शक्कर तलाव, पाण्याची बांधीव टाकी, राणी महाल आणि नऊगजी तोफ. माथा फार पसरलेला आहे. सगळं एका फेरीत उरकायच्या मागे लागू नका. एकदा दरवाजे आणि टाकी, पुढच्या खेपेला तोफ आणि पलीकडची तटबंदी, अशी वाटणी केली तर किल्ला लक्षात राहतो. टाक्यांपाशी आणखी थोडं रेंगाळा. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी खारट म्हणून आज सातपुड्यातल्या धरणाचं पाणी नळाने दर्यापूरला आणावं लागतं. त्याच डोंगराच्या माथ्यावर पाचशे वर्षांपूर्वी पावसाचं पाणी कसं धरून ठेवत होते, हे दर्यापूरच्या माणसाने बघायलाच हवं.

शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ असेल तर चिखलदरा आणि गाविलगड. अंजनगाव, मग परतवाडा, तिथून धामणगाव गढीचा घाट. दर्यापूरहून साधारण नव्वद किलोमीटर. परतवाड्याहून घटांगमार्गेही रस्ता आहे, लांबचा पण दाट जंगलाचा. अंधार पडल्यावर तो घेऊ नका. मुक्काम चिखलदऱ्याला झाला तर उत्तम, उशीर झाला तर परतवाड्यातच झोपा आणि पहाटे घाट चढा.

चिखलदऱ्याच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी, आणि १५ ऑगस्टला तर नकोच. घाटात गाड्यांची रांग लागते आणि धुक्याऐवजी समोरच्या गाडीचा धूर मिळतो. पावसाळी चिखलदऱ्यासाठी आठ सीएलमधली एक खर्च करा, मंगळवारी किंवा बुधवारी. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉईंट, सगळं शांतपणे बघून होतं आणि खोलीही सहज मिळते. आठवड्याच्या मध्यावरची एक रजा दोन रविवारांएवढं देते. वरच्या गवळीवाड्यांतल्या दुधाची रबडी खा, इथली कॉफी घरी न्या. कड्यांपाशी मात्र दगड शेवाळलेला असतो, कठड्यापलीकडे पाऊल नको.

गाविलगड पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून पुढे. इथेही वनविभागाचं तिकीट आणि वेळेचं बंधन आहे. दरवाजांवर गंडभेरुंड आणि हत्तींशी झुंजणारे सिंह कोरले आहेत, बुरुजांवर तोफा पडून आहेत, आत मोठी मशीद आणि तलाव. माथ्यावरचं गवत तेव्हा कमरेपर्यंत असतं, म्हणून पूर्ण पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी. आग्या मोहोळं असतात, तर धूर, अत्तर आणि आरडाओरड टाळा.

आणि आता माझी सगळ्यात आवडती सहल. तिच्यासाठी शनिवार-रविवार आणि फार तर एक रजा पुरते, पण ती डिसेंबरातच करावी. १८०३ च्या अखेरीस, एका महिन्यात, वऱ्हाडाचं पुढचं शतक ठरलं आणि ते ठरलं आपल्या बसच्या पाट्यांवरच्या गावांत. २९ नोव्हेंबरला अकोटच्या पश्चिमेला अडगावच्या मैदानात लढाई झाली. एका बाजूला इंग्रजांचे सेनानी आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन, दुसऱ्या बाजूला रघुजी भोसल्यांचा भाऊ व्यंकोजी आणि शिंद्यांचे स्वार. लढाई दुपार टळल्यावर सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. तिथून इंग्रज फौजा गाविलगडाकडे वळल्या. स्टीव्हन्सनची तुकडी तोफा ओढत डोंगरातून उत्तरेला लवादा गावाच्या बाजूला गेली, कारण किल्ल्याची तीच बाजू पठाराला जोडलेली आहे. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावात भोसल्यांशी तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्या तहाने भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला, पण नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले. ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला, तो सुर्जी अंजनगावात. आज त्याच अंजनगावच्या शिवारात पानमळे आणि पानपिंपरीचे वाफे आहेत.

शनिवारी अडगाव आणि नरनाळा करा, मुक्काम परतवाडा. रविवारी पहाटे गाविलगड, उत्तरेच्या तटावर जाऊन पठाराची ती बाजू नीट बघा. मग उतरताना देवगाव आणि शेवटी अंजनगाव. अडगावात आणि देवगावात बघण्यासारखं बांधकाम शोधू नका. शेतं आहेत, पऱ्हाटी आणि तूर उभी आहे. पण गाविलगडाच्या कड्यावरून दक्षिणेचा सपाट मुलूख एका नजरेत दिसतो, आणि हा किल्ला पडल्यावर वऱ्हाड का गेला, हे पुस्तकात वाचून कळतं त्याहून फार लवकर कळतं. मुलांना घेऊन जा. शाळेच्या इतिहासात त्यांच्या गावाच्या वाट्याला सहसा एक ओळही येत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दोन वाजता गड सोडायचा हे आधीच ठरवा. वेळ उरलाच आणि तारीख विसाच्या पुढची असेल, तर परतवाड्याहून बहिरमची यात्रा गाठता येते. तिथलं हंडीतलं मटण आणि रोडगे खाल्ल्याशिवाय वऱ्हाडी हिवाळा पुरा होत नाही.

मेळघाटच्या आतल्या जंगलासाठी दोन रजा रविवारला जोडाव्यात. १९७४ मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. सेमाडोह, सिपना नदीकाठचं कोलकास, पुढे हरिसाल. वाघ दिसेल या आशेवर रजा टाकू नका, जंगल दाट आणि डोंगराळ आहे. पाणवठे, पक्षी आणि कोरकू गावं यासाठी जा. रानपिंगळा हा घुबडाचा प्रकार शतकभर कुणाला दिसला नव्हता. तो १९९७ मध्ये महाराष्ट्रातच शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही नोंदला गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो. होळीच्या दिवसांत कोरकू गावांत फगवा मागायला लोक रस्त्यावर येतात. तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा, हसून द्या, आणि न विचारता कुणाचा फोटो काढू नका. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसण्याची संधी देतो. अर्ज आधी करावा लागतो आणि जागा मोजक्या असतात, पण रजेच्या दृष्टीने हे फार फायद्याचं आहे, एका रात्रीत काम होतं.

पेट्रोल परतवाड्यात भरा. पुढे मोबाईलची रेंज जाते, म्हणून घरी आणि कामावर एकेका माणसाला परतीची वेळ सांगून ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतील असं धरू नका. माणशी तीन लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त आणि मीठ-साखरेची पुडी. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर चढण नकोच. शिदोरीला ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. कचरा परत आणा.

गाडी नसेल तरी अडत नाही. एसटी अंजनगाव, परतवाडा, अकोट या तिन्ही दिशांना जाते, महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. चिखलदऱ्याहून परतीची शेवटची बस कितीची, हे पोचल्या पोचल्या स्थानकावर विचारा. वर्षातून एकदा सलग रजा मिळाली, तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. सह्याद्रीची वारी त्यावर करावी.

रजेचा अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या आणि निघण्यापूर्वी टेबलावरचं काम कुणाकडे तरी नीट सोपवा. डोंगरात फोन लागणार नाही हे साहेबांना आधीच सांगून ठेवलं, की सोमवारी कटकट होत नाही. एक नवं कॅलेंडर घ्या, घरच्यांसोबत बसा. लग्नं, पेरणी, वेचणी, परीक्षा यांच्या तारखा पहिल्यांदा लिहा. उरलेल्या रविवारांतले सहा आणि सीएलमधल्या तीन आत्ताच ठरवून टाका. त्यातली एक डिसेंबरातल्या सोमवारची असू द्या.